शहीद जवानाचं घर ख्रिस्ती असेल तर? मूठभर मातीची ४४ वर्षांची वाट आणि ‘पुन्हा भेटू’चा अर्थ

झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातलं जारी हे आदिवासी गाव. इथले लान्स नायक अल्बर्ट एक्का ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याजवळच्या गंगासागरच्या लढाईत उतरले आणि परत आले नाहीत. १४ गार्ड्स पलटणीचा हा जवान जखमी असताना शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या आघाडीवर मिळालेलं हे एकमेव परमवीरचक्र.

घर ख्रिस्ती. दफन झालं ते मात्र गावापासून फार लांब, त्रिपुरात आगरतळ्याजवळ. पत्नी बलमदीना यांच्यापर्यंत पदक पोचलं, पुढे रांचीतल्या मोठ्या चौकाला पतीचं नाव मिळालं, पण ज्या कबरीजवळ बसून रडावं ती कबर गावात नव्हती. निदान तिथली माती तरी गावात यावी, अशी घरच्यांची मागणी होती. २०१५ च्या अखेरीस माती आली, तर ती नक्की तिथलीच का, याचीच घरच्यांना खात्री पटेना. मग घरची माणसं स्वतः आगरतळ्याला गेली, समाधी डोळ्यांनी पाहिली आणि माती घेऊन परतली. तोवर ४४ वर्षं उलटली होती. बलमदीना २०२१ मध्ये वारल्या.

मूठभर मातीसाठी एवढा जीव का टाकायचा?

ख्रिस्ती माणसाचं सांत्वन ज्या गोष्टीवर उभं आहे, तिला ‘पुनरुत्थान’ म्हणतात. येशू मेला, त्याला कबरीत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हा या धर्माचा गाभा. त्याच्यामागे त्याची माणसंही एक दिवस उठतील, असा भरवसा. बायबलमध्ये संत पौलाने हे समजावताना शेतकऱ्याला पटकन कळेल असा दाखला दिलाय, बियाण्याचा. बी मातीआड जातं, त्याचं पहिलं रूप संपतं आणि उगवतं ते निराळंच. म्हणून ख्रिस्ती दफन एका अर्थाने पेरणीच. मेलेल्या माणसाला ‘निजला’ म्हणायची रीतही त्यातूनच आली. पेरलं कुठे हे घरच्यांना ठाऊक असावंसं वाटणारच.

पण सगळ्याच जवानांचा देह घरी येतो असं नाही. कुणी बर्फाखाली राहतो, कुणी समुद्रात, कुणाची ओळखही पटत नाही. अशा घरांना धर्मगुरू सांगतात, की देह सापडला नाही म्हणून आशा कमी होत नाही. माणसांना ठिकाण माहीत नसलं तरी देवाला माहीत आहे. जारीला आलेली माती मोक्षासाठी लागत नव्हती. ती बाईच्या मनासाठी लागत होती, आणि तेही कमी महत्त्वाचं नाही.

इथे बाहेरच्यांचा एक गैरसमज होतो. पुन्हा भेट होणार असं मानतात म्हणजे या लोकांनी रडू नये, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरीवर जाताना येशू स्वतः रडला, असं शुभवर्तमानात आहे. काही क्षणांतच त्याला उठवणार होता, तरी रडला. पौलही शोक करू नका असं म्हणत नाही. आशाच नसल्यासारखा शोक करू नका, एवढंच म्हणतो. दहाव्या वर्षीही आईचे डोळे भरून येत असतील तर तिची श्रद्धा कच्ची ठरत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठं प्रेम नाही, या अर्थाचं येशूचं वचन जवानाच्या अंत्यविधीत हमखास वाचलं जातं. ते घरच्यांना बळ देतं. पण देशासाठी मेला म्हणून आपोआप स्वर्ग, असं चर्च शिकवत नाही. चर्चच्या भाषेत हुतात्मा म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करणारा. जवानाला, शेतकऱ्याला, सगळ्यांना तारण मिळतं ते देवाच्या कृपेने. ऐकायला हे कठोर वाटतं, पण पदक न मिळालेल्या, आजारपणात किंवा अपघातात गेलेल्या जवानाच्या घराला हीच शिकवण आधार देते. तिथे कुणी कमी ठरत नाही.

अशा घरी अंत्यविधी कसा होतो? सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी असतात तसे पाद्रीही असतात. गावात मात्र बहुधा स्थानिक फादर किंवा पाळकच प्रार्थना चालवतात. लष्करी मानवंदना, बिगुल, तिरंगा घरच्यांच्या हाती देणं, हे सगळ्यांसारखंच. पेटी खाली गेल्यावर जमलेले लोक मूठभर माती टाकतात. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याने माती टाकली तर चालते का? चालते, आणि घरच्यांना बरंच वाटतं.

बोलायचं काय, हा खरा प्रश्न. ‘देवाची इच्छा’ हे शब्द पहिल्या दिवशी टाळलेले बरे, मग घर कोणत्याही धर्माचं असो. ज्याचं पोर गेलं, त्याला त्या शब्दांत देवच दोषी दिसतो. त्यापेक्षा जवानाचं नाव घ्यावं, त्याची एखादी आठवण सांगावी. तेही सुचत नसेल तर नुसतं बसावं. पेन्शनचे, मदतीचे कागद घेऊन तहसीलला बरोबर जाणारा माणूसही सांत्वनच करत असतो.

पुण्याजवळ खडकीला युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातून आणून एकत्र केलेल्या. सगळे दगड एकसारखे, अधिकारी असो वा शिपाई. पण नावाखाली एक छोटी ओळ कोरून घेण्याची मुभा कुटुंबांना होती. काहींनी बायबलचं वचन निवडलं, काहींनी घरातले साधे शब्द. बहुतेकांना सातासमुद्रापलीकडून ती कबर कधी पाहताही आली नसेल, पण ओळ पाठवली.

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईपासून नगरपर्यंत कबरी साफ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे, उजाडायच्या आत दफनभूमीत जमून गाणी म्हणतात. गावात अशा जवानाची कबर असेल तर त्या दिवशी शेजाऱ्यांनीही जायला हरकत नाही. घरचे लोक तिथे भेटतीलच.