आकाशांतील स्थिर डोळा

हें पान हातांत धरून डावीउजवीकडे जोरानें हलवा व वाचण्याचा प्रयत्न करा. अक्षरें पुसट होतील. आतां पान स्थिर ठेवून तितक्याच वेगानें मान हलवा. अक्षरें स्पष्ट दिसत राहतील. असें कां व्हावें? आपल्या प्रत्येक कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशीं जवळजवळ काटकोनांत बसविलेल्या आहेत. मस्तक वळतांच त्यांतील द्रव मागें रेंगाळतो, ती वार्ता मज्जातंतूंच्या द्वारें डोळ्यांच्या स्नायूंस पोंचते, आणि मस्तक जितकें उजवीकडे वळेल तितकेच डोळे डावीकडे वळतात. रेडिओच्या साह्यानें चालविल्या जाणाऱ्या लहान विमानावर कॅमेरा बसवावयाचा असतां हीच युक्ति यंत्राकडून करवून घ्यावी लागते.

या गोष्टीचें महत्त्व मला अनुभवानें पटलें. एका पावसाळ्यानंतर आमच्या शेताकडील नदीचा कांठ कितपत खचला आहे हें पाहण्यासाठीं मीं व माझ्या धाकट्या भावानें एका लहान विमानाच्या पोटास कॅमेरा बांधून तें उडविलें. चित्रें आलीं, परंतु त्यांत भेग कोणती व बाभळीची सावली कोणती हें सांगतां येईना. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. १०० मीटर उंचीवर विमान एक अंश जरी कललें तरी खालील देखावा सुमारें पावणेदोन मीटर सरकतो. आणि वाऱ्यांत विमान क्षणोक्षणीं कलत असतें.

विमानाचें हलणें तीन प्रकारचें असतें: पंख कलणें, नाक वरखालीं होणें आणि नाक डावीउजवीकडे वळणें. म्हणून कॅमेरा एकांत एक बसविलेल्या चौकटींत ठेवतात व प्रत्येक आंसास एक लहान मोटार जोडतात. जहाजावरील होकायंत्र अशाच कड्यांत टांगलेलें असून स्वतःच्या वजनानें सपाट राहतें. मग विमानांत मोटारी कशाला, असें कोणी विचारील. याचें उत्तर असें कीं, विमान वेगानें वळत असतां टांगलेली वस्तु बाहेरच्या बाजूस फेंकली जाते. तेव्हां केवळ वजनावर विसंबून चालत नाहीं. कानांतील नलिकांसारखें जाणते इंद्रियच हवें.

तें इंद्रिय म्हणजे जायरोस्कोप. हें नांव फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५२ सालीं दिलें. १९१४ सालीं पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणानें फिरत्या चक्रांच्या अशाच यंत्रावर भिस्त ठेवून उडत्या विमानाचीं सूत्रें हातांतून सोडून दाखविलीं. आजचा जायरोस्कोप हरभऱ्याच्या डाळीहून लहान असतो. त्यांत चक्र नसून सिलिकॉनचे सूक्ष्म भाग कंप पावत असतात. यंत्र वळलें कीं ते आडवे ढकलले जातात, आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. वेगांची बेरीज करून कोन काढतां येतो. मात्र बेरजेंत बारीक चुकाही सांचत जातात. यासाठीं वजनाची दिशा ओळखणारें दुसरें यंत्र सोबतीस असतें. वळणावर व हादऱ्यांत तें क्षणभर फसतें, पण दीर्घ काळांत चुकत नाहीं. म्हणून क्षणाच्या हालचालीविषयीं पहिल्याचें आणि कायमच्या पातळीविषयीं दुसऱ्याचें ऐकावयाचें, असा नियम असतो.

आतां कॅमेरा वळवावयाचा कसा? समजा, जमिनीवरून आपण रेडिओनें आज्ञा केली कीं क्षितिजाच्या ३० अंश खालीं पाहा. इतक्यांत वाऱ्यानें विमानाचें नाक १० अंश वर गेलें. लहानसा गणकयंत्राचा तुकडा हिशेब करतो कीं विमानाच्या मानानें कॅमेरा आतां ४० अंश खालीं वळला पाहिजे. साध्या रचनेंत या मोटारीस सर्व्हो म्हणतात. तिला सेकंदांत सुमारें ५० वेळां विजेचा ठोका मिळतो. तो दीड सहस्रांश सेकंद टिकला तर ती मध्यावर राहते, आणि एक किंवा दोन सहस्रांश टिकला तर या किंवा त्या टोकाकडे वळते.

सुधारणा मात्र बेतानें करावी लागते. ती फार सौम्य असेल तर चित्र हलतच राहतें; फार जोराची असेल तर कॅमेरा योग्य जागा ओलांडून पुढें जातो, परत येतो, पुन्हां ओलांडतो आणि थरथरूं लागतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन खडकाळ वाटेनें चालणारी बाई मान ताठरही धरीत नाहीं आणि सैलही सोडीत नाहीं. मोटारीसही तोच बेत शिकवावा लागतो. हें जुळविण्यांत आमचे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारीं घेतलेल्या चित्रांत कांठावरील पंपाच्या खोलीमागें एक लांब भेग स्वच्छ दिसली. वडिलांनीं तीं चित्रें दोनदां पाहिलीं आणि पुढील पावसाळ्यापूर्वीं पंप वरच्या अंगास हलविला. त्या पावसाळ्यांत खोलीचा नदीकडील कोपरा वाहून गेला, पंप वांचला.

असें यंत्र करूं इच्छिणाऱ्यांनीं उडविण्यासंबंधींचे सरकारी नियम प्रथम वाचावे, माणसांच्या डोक्यांवरून विमान नेऊं नये, आणि हा डोळा शेजाऱ्याच्या अंगणाकडे कधींही वळवूं नये. तो कोठें वळवावा हें मोटारीस कळत नाहीं. तें आपणांसच कळलें पाहिजे.