वापरणारे वाढले म्हणजे नेटवर्क इफेक्ट झाला का?

14 एप्रिल 2017, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. दीक्षाभूमीवर अभिवादन करून पंतप्रधान नरेंद्र मोदी नागपुरातच मानकापूरच्या क्रीडा संकुलात आले आणि मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्यासाठीच्या, बाबासाहेबांचं नाव लाभलेल्या भीम अ‍ॅपच्या दोन योजना तिथून सुरू झाल्या. ओळखीच्या माणसाला अ‍ॅप घ्यायला लावायचं. त्याने तीन वेगवेगळ्या लोकांशी व्यवहार केले की दोघांनाही दहा-दहा रुपये. दुकानदारांसाठी कॅशबॅक वेगळा. सहा महिन्यांसाठी 495 कोटी रुपयांची तरतूद.

वापरणारे झपाट्याने वाढले की नेटवर्क इफेक्ट झाला, हा सर्वांत मोठा गैरसमज. दहा रुपयांसाठी माणूस येतो तो प्रसार. नेटवर्क इफेक्ट म्हणजे नवा माणूस आल्यामुळे आधीपासून असलेल्यांना ती वस्तू जास्त उपयोगी पडणं. शेजाऱ्याने टेलिफोन घेतला की तुमचा टेलिफोनही जास्त कामाचा होतो, तसं. बक्षीस थांबल्यावर लोक टिकतात का, ही त्याची खरी परीक्षा.

मग भीमचं काय झालं? भीम ज्या यूपीआय या देवघेवीच्या व्यवस्थेवर चालतं, तिच्यातल्या 2024 सालच्या व्यवहारांत फोनपे आणि गूगल पे यांचा वाटा मिळून 80 टक्क्यांच्या वर होता, भीमचा एक टक्काही नव्हता. त्यावरून ‘भीमचं नेटवर्क तयारच झालं नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. नेटवर्क भीमचंही नाही आणि फोनपेचंही नाही. ते यूपीआयचं आहे, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने एप्रिल 2016 मध्ये सुरू केलेलं. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात एक क्यूआर कोड लावलेला असतो आणि गिऱ्हाईक कुठल्याही यूपीआय अ‍ॅपने पैसे देतं. म्हणजे एका अ‍ॅपवर आलेला नवा माणूस साऱ्याच अ‍ॅपवाल्यांच्या उपयोगी पडतो. कंपन्यांची चढाओढ मग वापरायची सोय, कॅशबॅक आणि दुकानोदुकानी फिरून कोड चिकटवण्याची मेहनत यांवर झाली. जाळं सगळ्यांचं ठेवलं, हा या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय असं मला वाटतं.

या जाळ्याला दोन बाजू आहेत. पैसे देणारे वाढले म्हणून दुकानदारांनी कोड लावले, आणि जागोजागी कोड दिसू लागले म्हणून लोक पाकीट घरी ठेवू लागले. टॅक्सीच्या अ‍ॅपलाही दोन बाजू असतात, पण तिथे चालक वाढले की प्रवाशाची सोय होते आणि बाकीच्या चालकांच्या फेऱ्या घटतात. एकाच बाजूची गर्दी त्याच बाजूला जाचते. शिवाय टॅक्सीत अंतर आडवं येतं. मुंबईत कितीही गाड्या धावत असोत, रात्री नागपूरच्या अजनी स्टेशनवर उतरलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? त्याला आसपासची गाडी हवी. यूपीआयचं तसं नाही. इतवारीतल्या व्यापाऱ्याला पुण्याचं गिऱ्हाईकही चालतं. देशभरातल्या डाउनलोडचा एकच आकडा या दोन्ही ठिकाणी सारखा अर्थ सांगत नाही.

आणि एकदा विणलेलं जाळं कायमचं, असंही नाही. मित्र फेसबुकवर गेले तसं ऑर्कुट हे समाजमाध्यम ओस पडलं आणि 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं.

नागपुरात अ‍ॅप घडवणाऱ्या तरुणांना म्हणूनच विनंती आहे: बक्षिसावर पैसे ओतण्याआधी, एक नवा माणूस आल्याने आधीच्यांपैकी कोणाचं काय वाढतं, हे एका कागदावर लिहून काढा. कागद कोरा राहिला तर आधी रचना बदला.