नवीन आणलेले करडू: पहिले तीन आठवडे



आठवडी बाजारातून किंवा शेजारच्या गावाहून दोन-तीन करडं विकत आणायची आणि घरी वाढवायची, हा जिरायत भागातला जुना जोडधंदा आहे. उस्मानाबादी असो, संगमनेरी असो, नाही तर गावरान. करडू घेताना आपण पाय बघतो, पाठ चाचपतो, भावासाठी तासभर घासाघीस करतो. घरी आणल्यावर मात्र खुंटीला बांधतो, पुढे चारा टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करडू खात नाही असे दिसते, मग हगवण लागते, आणि ‘आजारी माल गळ्यात मारला’ म्हणून विकणाऱ्याला शिव्या बसतात. कधी कधी विकणारा खरोखरच दोषी असतो. पण पुष्कळदा करडू दगावते ते चारा समोर असताना उपाशी राहून, किंवा लाडाने दिलेले भलतेच खाऊन.

शेळी काहीही खाते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ज्याने हे म्हटले त्याने शेळी पाळलेली नसावी. शेळी फार चिकित्सक जनावर. नवा चारा ती आधी हुंगते, ओठांनी चाळवते, एखादे पान तोडते आणि बाजूला होते. पायाखाली तुडवलेला किंवा लेंडी-लघवीचा वास लागलेला चारा तर ती तोंडात धरत नाही. त्यातून करडू आईपासून तुटलेले, गाडीत हिंदकळून आलेले. अशा वेळी अनोळखी चारा पुढे आला तर ते तोंड फिरवणारच.

दुसरी गोष्ट पोटाची. करडाच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू असतात. चारा पचवण्याचे काम तेच करतात. ते दह्याच्या विरजणासारखे समजा. कडब्यावर वाढलेल्या करडाचे विरजण वेगळे, पाल्यावर वाढलेल्याचे वेगळे. चारा एकदम बदलला तर हे विरजण बिघडते. नव्या चाऱ्याला सरावायला त्याला दहा ते पंधरा दिवस लागतात. म्हणून सौदा ठरला की विकणाऱ्याला विचारा: करडू काय खात होते? दूध सुटले का? लस टोचली का, कधी? आणि जमले तर त्याच्याकडूनच ओळखीच्या चाऱ्याची एक पेंढी मागून घ्या. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. पहिले तीन-चार दिवस तोच चारा द्या, मग त्यात आपला चारा मिसळत जा. आज चौथा हिस्सा, दोन-तीन दिवसांनी निम्मा, असे करत पंधरवड्यात पूर्ण आपल्या चाऱ्यावर आणा.

घरी पोहोचल्यावर आधी सावली, मग पाणी, मग चारा. दमून आलेल्या करडापुढे एकदम बादली ठेवू नका. थोडे थोडे पाणी दोन-तीन वेळा दाखवा. लिटरभर पाण्यात लिंबाएवढा गूळ आणि अर्धा चमचा मीठ टाकले तर उत्तमच. पीत नसेल तर ओठ भिजवा, भांडे बदलून पाहा. पण बांबूच्या नळकांड्याने घशात ओतू नका. पाणी फुप्फुसात गेले तर करडू हातचे जाते.

एकटे करडू फार ओरडते आणि खात नाही, कारण शेळी ही कळपाची जात. म्हणून शक्यतो दोन करडं बरोबर आणा. घरात आधीच शेळ्या असतील तर नवी करडं त्यांच्यात लगेच सोडू नका. २१ दिवस वेगळी ठेवा; त्यांना जुन्या शेळ्या दुरून दिसाव्यात, आवाज ऐकू यावा, पण गव्हाण आणि पाण्याचे भांडे वेगळे असावे. आधी घरच्या शेळ्यांचे काम उरका, नव्या करडांचे शेवटी. जागा कोरडी हवी, एका करडाला पाच-सहा चौरस फूट. वारा अंगावर येऊ नये म्हणून एका बाजूला गोणपाट बांधले तरी पुरते.

आता खाण्याचे. शेळी झाडपाला वर मान करून ओरबाडणारी आहे. म्हणून चारा जमिनीवर टाकू नका, जुडी बांधून करडाच्या तोंडापेक्षा थोडी वर टांगा. एवढ्या एका गोष्टीने अनेक करडं खायला लागतात. बोर, बाभूळ, शेवरी, हादगा, अंजन, उंबर यांपैकी जो पाला जवळ असेल तो सुरुवातीला द्या. सुबाभूळ आवडीने खातात, पण ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. सोबत तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा असावाच. दहा किलोच्या करडाला दिवसाला साधारण किलोभर हिरवा पाला आणि मूठ-दोन मूठ सुका चारा लागतो. तो एकदम न टाकता चार-पाच वेळा ताजा ताजा द्या आणि उरलेला काढून घ्या. तोच उष्टा चारा संध्याकाळपर्यंत पुढे ठेवला तर करडू त्याच्याकडे बघतही नाही.

भरडा किंवा पेंड पहिला आठवडा देऊच नका. नंतर चिमूटभरापासून सुरू करून हळूहळू शंभर ग्रॅमपर्यंत न्या. घरात पोरं असतील तर त्यांना आधी ताकीद द्या, कारण लाडाने भाकरी, भात, लग्नाघरचे उरलेले अन्न हीच माणसं भरवतात. धान्य जास्त झाले की पोटात आंबते, आंत्रविषाराचे जंतू माजतात, आणि रात्री चांगले दिसणारे करडू सकाळी मेलेले सापडते. दवाने ओला लसूणघास रिकाम्या पोटी दिला तर पोट फुगते. ज्वारीचे कोवळे फुटवे तर विषारीच. तिकडे करडू फिरकू देऊ नका.

एक फसवणूक मात्र ओळखायला शिका. पुष्कळ करडं दोन महिन्यांची होण्याआधीच आईपासून तोडून बाजारात आणतात. दात बघून ते कळत नाही, कारण दुधाचे आठही दात महिनाभरात आलेले असतात. करडू चारा नुसता हुंगते, दोरी किंवा दुसऱ्याचा कान चोखते, वजनाने सहा किलोच्या आतबाहेर आहे, तर त्याचे कोठीपोट अजून तयार नाही असे समजा. त्याला गाईचे किंवा शेळीचे दूध अंगाच्या उबेइतके कोमट करून, दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत, तीन वेळांत वाटून द्या. सोबत कोवळा पाला टांगलेला ठेवा आणि दूध तीन-चार आठवड्यांत कमी करत बंद करा.

‘तुम्ही साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकता’, असे तुम्ही म्हणाल. म्हणून खर्चाचे यंत्र सांगत नाही, रोज सकाळी दोन मिनिटे बघायचे सांगतो. डावी कूस भरलेली आहे का, बसल्यावर रवंथ करते का, लेंड्या सुट्या व चकचकीत आहेत का. लेंडी हे करडाचे रोजचे वर्तमानपत्र आहे. खात नसेल तर आधी तोंड उघडून बघा. ओठांवर खपल्या दिसल्या तर तो मावा. तोंड दुखते म्हणून करडू खात नाही. मावा माणसाच्या हातालाही लागतो, हात साबणाने धुवा. नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण आणि १०४ अंशांवर ताप असेल तर पीपीआर असू शकतो. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाली, पण शेळ्या-मेंढ्यांतला हा तिचा भाऊबंद अजून आपल्याकडे आहे. अशा वेळी घरगुती औषधात दिवस घालवू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

आल्या दिवशीच जंताचे औषध किंवा लस देऊ नका, दमलेल्या करडाला ते सोसत नाही. चार-पाच दिवस नीट खाऊ लागल्यावर लेंडी तपासून घ्या आणि वजनाप्रमाणे जंताचे औषध पाजा. आठ-दहा दिवसांनी, अंगात ताप नसताना, डॉक्टरांना विचारून लशी घ्या. पीपीआरची लस तीन-चार महिन्यांवरच्या करडाला देतात. आंत्रविषाराची पहिल्यांदा दोन वेळा घ्यावी लागते, मध्ये दोन ते तीन आठवडे सोडून. पुढे दरवर्षी पावसाळ्याच्या आधी.

बाविसाव्या दिवशी सगळे ठीक असेल तर करडं जुन्या शेळ्यांत सोडा. सोडायचे ते सकाळी, सगळ्यांचे पोट भरलेले असताना आणि मोकळ्या अंगणात, म्हणजे शिंगं लागली तरी पळायला वाव राहतो. गव्हाणीशेजारी आणखी दोन जुड्या वेगळ्या टांगा, नाही तर मोठ्या शेळ्या लहानांना चाऱ्याजवळ येऊ देत नाहीत.