हे कशावरून?

समजा, इतिहासाच्या प्रकल्पासाठी तुम्ही 'ताजमहाल' हा विषय निवडला आहे. तुम्ही लिहिलेत, 'शाहजहानला यमुनेच्या पलीकडच्या तीरावर काळ्या संगमरवराचा दुसरा ताजमहाल बांधायचा होता.' बाईंनी वही तपासली आणि समासात लाल शाईने लिहिले, 'हे कशावरून?' आता तुम्ही काय उत्तर द्याल? 'सगळेच असे म्हणतात,' हे काही उत्तर नव्हे.

चला, या गोष्टीचे मूळ शोधू या. टॅव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात अनेकदा भारतात आला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. शाहजहानने नदीपलीकडे स्वतःची कबर बांधायला घेतली होती, पण मुलांशी झालेल्या लढाईमुळे ते काम राहिले, असे त्याने लिहिले आहे.

टॅव्हर्निये त्याच काळातला माणूस होता. मग त्याचे म्हणणे खरे मानायचे का? थोडे थांबा. ताजमहालाचे काम सुरू होताना आणि पुरे होताना आपण पाहिले, असेही तो सांगतो. परंतु काम १६३२ च्या सुमारास सुरू झाले आणि तो आग्र्याला पहिल्यांदा पोहोचला १६४० च्या सुमारास! म्हणजे कामाची सुरुवात त्याने पाहिलेली नव्हती. म्हणून त्याचा प्रत्येक शब्द पारखून घ्यायला हवा.

आता दुसरा साक्षीदार पाहू. अब्दुल हमीद लाहोरी हा शाहजहानचा दरबारी इतिहासकार. त्याच्या फारसी 'बादशाहनाम्या'त ताजमहालाचे सविस्तर वर्णन आहे. दरबारी लेखक बादशहाची स्तुती करणारच. पण इमारतीची मोजमापे आणि तारखा यांसाठी त्याचा ग्रंथ फार उपयोगी आहे. दुसऱ्या कबरीचा उल्लेख मात्र त्यात मिळत नाही.

तिसरा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष जमीन. नदीपलीकडच्या मेहताब बागेत १९९० च्या दशकात उत्खनन झाले. तेथे अष्टकोनी हौद आणि कारंजी सापडली. कबरीचा पाया सापडला नाही. म्हणून आज इतिहासकार काळ्या ताजमहालाची गोष्ट दंतकथा मानतात.

यावरून कोणताही मजकूर घेताना चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याला हे कसे कळले? दुसरा कोणी स्वतंत्रपणे तेच सांगतो का? इंटरनेटवरच्या माहितीलाही हेच प्रश्न लागू पडतात. एकच वाक्य दहा ठिकाणी उतरवलेले असेल, तर ते दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा असतो.

माहिती पारखली की ती कोठून घेतली तेही सांगावे. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठ क्रमांक लिहावा. इंटरनेटवरून माहिती घेतली असेल, तर पानाचे नाव, पत्ता आणि ते पाहिल्याची तारीख लिहावी. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर ते अवतरणचिन्हांत ठेवावेत. मजकूर आपल्या शब्दांत लिहिला तरी लेखकाचे नाव देणे आवश्यकच आहे. तसे न केल्यास दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर खपवल्यासारखे होते.

ही रीत तुम्हांला नवी नाही. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली, याची साखळी, म्हणजेच सनद, दिली जाते. साखळीतला प्रत्येक माणूस विश्वासू होता का, हे जुन्या विद्वानांनी बारकाईने तपासले. उर्दूत आपण ज्याला 'हवाला' म्हणतो, त्यालाच मराठीत 'संदर्भ' म्हणतात.

मग काळ्या ताजमहालाचे वाक्य खोडून टाकायचे का? मुळीच नाही. 'अशी दंतकथा आहे. पण उत्खननात तिला आधार मिळाला नाही,' असे लिहा आणि खाली संदर्भ द्या. मग 'हे कशावरून?' असे कोणीही विचारले, तरी तुमची वहीच त्याला उत्तर देईल.