डोंगरवाट आणि हातातली काठी

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या तरुणांचे पाय पन्हाळ्याकडे वळतात. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत सुमारे ५० किलोमीटर लोक दोन दिवसांत चालतात. मसाई पठारावरचे धुके, खालची भातखाचरे पाहून मन हरखते. पण वाट निसरडी असते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दहा-बारा जण निघालो. सोबत फौंड्रीत मोल्डिंगचे काम करणारे एक बंधू होते. चढ त्यांनी हसतखेळत पार केला. पठार उतरताना मात्र शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय सरकला आणि गुडघा पिरगळला. पंधरा दिवस काम बंद, तेवढी मजुरी बुडाली. निघताना आम्ही काठी देऊ केली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "काठी म्हाताऱ्यांनी घ्यायची!" त्याच उतारावरून धनगरवाड्यावरचा एक तरणाबांड पोरगा काठी टेकत भरभर उतरून गेला.

काठीचे आणि रानाचे नाते जुनेच आहे. दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे रान होते. शिकारीत बंदूकवाले मचाणावर बसत आणि गोरगरीब माणसे काठ्या आपटीत, आरोळ्या देत रान हाकीत. जनावर उलटले तर हाकाऱ्याच्या हाती काय, तर काठीच! १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज शिकार हा गुन्हा आहे. हाकारे गेले, काठी मात्र कामाचीच राहिली.

गुडघ्यावर खरा भार पडतो तो उतरताना. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन काठ्या घेऊन उतरल्यास गुडघ्यावरचा ताण १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. दुकानात लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या हलक्या काठ्या मिळतात. तेवढा खर्च परवडत नसेल तर चिव्याची भरीव काठीही चालते. सपाटीवर काठी धरली असता कोपर काटकोनात यावे. काठी त्याहून वीतभर लांबच ठेवावी. म्हणजे चढताना खाली धरता येते, उतरताना वर.

डावा पाय पुढे टाकताना उजव्या हातातली काठी पुढे टेकवावी. उतारावर आधी काठी, मग पाय. ओढा ओलांडताना पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला काठी रोवावी. पाणी गुडघ्यावर चढले असेल तर ओलांडूच नये. गवतात काठी आपटत चालावे, म्हणजे हादऱ्याने साप बहुधा बाजूला होतो. गवा दिसला तर मात्र काठी उगारू नये. थांबावे आणि हळूहळू मागे सरावे.

हातावर पोट असलेल्या माणसाचा गुडघा गेला की घरची चूल अडते. तेव्हा काठी घेण्यात लाज कसली?

ते बंधू यंदा पुन्हा येणार आहेत. त्यांनी काठ्या तासून ठेवल्या आहेत. दोन स्वतःसाठी आणि दोन वहिनींसाठी.