बुद्धी आणि साधने

शास्त्रीय शोध हे केवळ बुद्धीचे फळ, असा आपला समज असतो. परंतु बुद्धीला साधनांची जोड नसेल तर काय होते, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांच्या चरित्रावरून कळते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला. हे जंतू प्राण कसे घेतात, हे मात्र पाऊणशे वर्षे सिद्ध झाले नाही. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांस बांधला व जंतू गाळून उरलेला द्रव त्यात सोडला. तरीही आतड्यात पाणी साचले! अर्थात, जंतूंनी सोडलेले विषच शरीरातील पाणी आतड्यात ओढते, हे त्यांनी १९५९ मध्ये दाखविले.

पुढील पायरी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याची होती. त्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्यापाशी नव्हती. ते कार्य १९६९ मध्ये अमेरिकेत झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना सन्मानाने पाचारण केले. स्वदेशात मात्र १९८५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचा मोठा गौरव झाला नाही.

विद्यार्थी मित्रहो, यंत्रे पैशाने आणता येतात. गुणांची पारख मात्र आपली आपणच शिकावी लागते.