काचेच्या पेटीतील समुद्र

मासा जे अन्न खातो, त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने त्याच्या कल्ल्यांवाटे पुन्हा पाण्यात येतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. समुद्र अफाट असल्यामुळे त्याला याचे काही वाटत नाही. परंतु तोच मासा दोनशे लिटर खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत आणून ठेवला, की अमोनियाला जावयास दुसरी जागा राहत नाही. पाणी दिसावयास नितळ असते, वाळू पांढरीशुभ्र असते. आणि तरीही थोड्याच दिवसांत मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. नव्या मत्स्यपेटीत कित्येक मासे असेच दगावतात. शोभेचे बहुतेक समुद्री मासे प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे नुकसान केवळ पैशांचे नाही हे पटेल.

अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो. एक रूप विद्युत्भारित असते. ते माशाच्या शरीरात सहजासहजी शिरत नाही. दुसरे रूप भाररहित असते. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून झिरपून थेट रक्तात जाते. पाणी जितके अल्कधर्मी, तितके हे दुसरे रूप अधिक. समुद्राच्या पाण्याचा सामू आठाच्या थोडा वर असतो, म्हणजे ते अल्कधर्मीच होय. त्यामुळे येथे थोडा अमोनियाही पुष्कळ होतो.

मग हा अमोनिया नाहीसा करतो कोण? १८७७ साली श्लोझिंग आणि म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी यांनी भरलेल्या लांब नळीतून गटाराचे पाणी संथपणे सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर मात्र नळीच्या खालच्या टोकाकडून येणाऱ्या पाण्यातील अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. वाफ काढून घेतल्यावरही ते सुरू होईना. शेवटी थोडी माती कालवलेले पाणी वरून ओतले, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. काम करणारे सजीव होते, हे यावरून उघड झाले. पुढे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी असे जीवाणू निराळे काढून दाखविले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट गोड्या पाण्यातील माशांना फार घातक असते. समुद्राच्या पाण्यात विपुल क्लोराइड असते व ते कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडविते, म्हणून समुद्री मासे त्याला पुष्कळ अंशी तोंड देऊ शकतात. नायट्रेट त्याहूनही सौम्य असते.

आज दुकानात जीवाणूंच्या ज्या बाटल्या मिळतात, त्या म्हणजे त्या माती कालवलेल्या पाण्याच्याच वारसदार होत. त्यांची गरज का भासते? पोटात राहणारा एखादा सामान्य जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्या जीवाणूला त्याच कामी कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागतो. म्हणून नव्या पेटीत त्यांची वस्ती आपोआप वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे जातात. बाटलीतील जीवाणू जिवंत असले, तर हा काळ बराच कमी होतो. मात्र ‘असले तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हे जीवाणू बीजाणू बनवीत नाहीत. उन्हात तापलेल्या किंवा गोठलेल्या बाटलीत ते मरून जातात. गोड्या पाण्यात वाढविलेले जीवाणू खाऱ्या पाण्यात नीट काम करीत नाहीत. काही बाटल्यांत तर निराळेच, बीजाणू बनविणारे जीवाणू असतात. ते वर्षानुवर्षे टिकतात, कुजका गाळ खातात. पण गाळ खाताना ते उलट अमोनियाच पाण्यात सोडतात. बाटलीवरील चित्रावरून यांतले काहीच कळत नाही.

खरे-खोटे पाहण्याचा उपाय साधा आहे. मासे नसलेल्या दोन सारख्या भांड्यांत समुद्राचे पाणी व वाळू घ्यावी, दोहोंत सारखाच थोडा नवसागर घालावा, आणि एकातच बाटलीतील द्रव ओतावा. मग रंग बदलणाऱ्या परीक्षाद्रवाने रोज अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत लिहावे. द्रव घातलेल्या भांड्यातील अमोनिया आधी उतरला, तर बाटली कामाची. दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत पेटीत मासा सोडू नये.

जीवाणूंचे हे काम फुकट होत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि सुमारे सात ग्रॅम चुनखडीने शमेल एवढे आम्ल निर्माण होते. त्यामुळे पाण्याची आम्ल शमविण्याची शक्ती हळूहळू घटते. प्रवाळांना सांगाडा बांधण्यास हीच शक्ती लागते. तेव्हा प्रवाळ असलेल्या पेटीत तीही मोजावी लागते. गाळ खाणारे जीवाणू एकाच वेळी फार ओतले, तर पाणी दुधाळ होते आणि रात्री प्राणवायूची चणचण भासते.

या कामकऱ्यांची ओळख अजून पुरती झालेली नाही. २००५ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयातील एका टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव निराळा काढण्यात आला. तो जीवाणू नव्हताच. आर्किया या वेगळ्याच कुळातील निघाला. पुढे त्याचे भाऊबंद समुद्रात सर्वत्र प्रचंड संख्येने आढळले.

राहता राहिले नायट्रेट. सच्छिद्र खडकांच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील काही जीवाणू त्याचा नत्रवायू करतात व तो हवेत उडून जातो. परंतु बहुतेक पेट्यांत खडक थोडा आणि मासे अधिक असतात. तेथे ठरावीक दिवसांनी काही बादल्या जुने पाणी काढून तितकेच नवे, योग्य खारटपणाचे पाणी भरावे लागते.